हूऱ्यातलं एक मत

विजूताई सामंतांची नि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. परमुलखात मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही मूळचे कुठले?" गाव कळलं की आडनाव जोडून बाकीचा अंदाज बांधता येतो आणि पुढे बोलायचं की नुसतं हसायचं, ते ठरतं. विजूताईंनी माझ्या पिशवीतून डोकावणारी अळूची पानं बघितली, मी कोण ते ताडलं आणि विचारलं, "तुमचा मतदारसंघ कुठला?"

मी गडबडून कोथरूड म्हणालो.

"शेवटचं मत कधी दिलंत?"

बहरीनला आल्यापासून एकदाही दिलं नव्हतं. तसं सांगितलं, वर निवडणुकीच्या वेळी रजा मिळत नाही अशी सबबही जोडली. तेवढ्यात माझा मजला आला. लिफ्टचं दार हाताने अडवून त्या म्हणाल्या, "मेहुणीच्या लग्नाला मिळते ना रजा? मग मिळते." आणि वर गेल्या. घरी येऊन मी बायकोला, मंजिरीला म्हटलं, वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्यात, जरा जपून. मंजिरी दुसऱ्याच दिवशी अळूवडी घेऊन त्यांच्याकडे गेली आणि दोन तासांनी परतली. आमच्या घरात सावधगिरी अशी टिकते.

मनामा शहरातल्या हूऱ्यातली आमची इमारत म्हणजे हॉटेलांच्या पाट्या आणि लाँड्र्या यांच्यामध्ये दाबून बसवलेली. मराठी घरं चार-पाच. सगळे बोलघेवडे, आणि बोलायला राजकारण मात्र नाही. भारतातलं मत द्यायचं तर विमानाने जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, ते कोणी करत नाही. आणि जो मत देत नाही त्याचा आवाज वादात लवकर बसतो. इथे तर आपण पाहुणे. यजमानाच्या घरात भांड्याला भांडं लागलं तर पाहुण्याने ऐकायचं नसतं, ही समज प्रत्येकाला आल्याबरोबर येते. अशा आम्हा उपाशी मंडळींत विजूताई आल्या, त्या टपालाने पाठवता येणारं मत घेऊन. चिपळूणचा जन्म, पण बॉस्टनच्या बाहेर एका गावात निम्मं आयुष्य हॉस्पिटलांची बिलं आणि विम्याचे दावे तपासण्यात गेलेलं. तिथल्याच नागरिक झालेल्या. मुलगा मोठा झाल्यावर मनामातल्या एका विमा कंपनीत तेच काम करायला आल्या. त्यांच्याकडे अमेरिकेचं मत होतं आणि अध्यक्षपदाची निवडणूक येऊ घातली होती. साऱ्या इमारतीत चालू अवस्थेतलं तेवढंच एक मत. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो.

हे सगळं व्हायचं सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्यांच्या घरी. बिडाच्या तव्यावर घावणे पडत असायचे. केस बारीक कापलेले आणि पांढरेशुभ्र, अंगात सुती कुर्ता, पायात घरातसुद्धा स्पोर्ट्स शूज. गाडी चालवायला त्या कधी शिकल्याच नाहीत. "गाडी नसावी, गाडीवाले ओळखीत असावेत," म्हणायच्या, आणि त्या ओळखीतला पहिला मी. दुसरे रफीकभाई पारकर. दापोलीकडचे, सलमाबादला त्यांचं एसीच्या सुट्या भागांचं गोदाम आहे. वाटेत गरम खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, घेऊन यायचे आणि घावण्याबरोबर तेही खायचे. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली की वाद जिथे असेल तिथे थांबायचा. रफीकभाई उठताना बजावून जात, "माजा मुद्दा ऱ्हायलाय हां, कुनी जिंकलो म्हनायचं नाय."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. अध्यक्षाची खरी निवडणूक नोव्हेंबरात, दोन पक्षांत होते. पण त्याआधी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार कोण, हे आपल्याच मतदारांना विचारून ठरवतो. ती प्रायमरी. आम्हाला हे काही केल्या कळेना, तेव्हा विजूताईंनी आमच्या भाषेत सांगितलं. "खरी निवडणूक म्हणजे लग्न. एकदा ठरलं की नाक न मुरडता अक्षता टाकायच्या. प्रायमरी म्हणजे स्थळं बघणं. काय खुपतंय ते तेव्हाच सांगायचं." विजूताई तिथल्या उदारमतवाल्या पक्षाच्या. समोरच्या पक्षाला त्या जन्मात मत देणार नव्हत्या. पण आपल्या पक्षातल्या स्थळांची त्यांनी जी चिरफाड केली, तशी समोरच्यांनीही केली नसेल.

उमेदवारांना खऱ्या नावाने हाक मारणं त्यांच्याकडे मना होतं. नाव आलं की माणूस आधी ऐकलेलंच बोलतो, असं त्यांचं मत. त्यामुळे सगळ्यांचं बारसं त्यांनीच केलं. एक माजी गव्हर्नर होते, उंच, देखणे, कुणालाच न दुखावणारे, ते जावईबापू. एक तरुण, हात वर करकरून सगळं फुकट करू म्हणणारा; तो कीर्तनकार. एक स्वतःच्या पैशावर उभा राहिलेला, तो कारखानदार. आणि एक माजी न्यायाधीश होत्या. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायच्या, आणि पाणी प्यायच्या. त्यांना नाव नव्हतं. ती नुसती 'बाई'.

या उमेदवारांचे वादविवाद तिकडे रात्री होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे. विजूताई पहाटे उठायच्या नाहीत. "ज्याच्यासाठी झोप मोडावी असा त्यांच्यात कोण आहे?" शुक्रवारी सगळ्यांबरोबर बघायच्या, आणि तोवर कोण कसं बोललं हे त्यांना सांगायचं नाही, असा दंडक. ऑफिसातल्या एका केरळी सहकाऱ्याने एकदा लिफ्टमध्ये सांगून टाकलं, तर त्याच्याशी आठवडाभर फक्त ईमेलने बोलल्या. बघताना सुरुवातीला आवाज बंद. "आधी हात बघा. बोलणं पाठ करता येतं." जावईबापूंचे हात छान होते. कीर्तनकाराचे पंख्यासारखे फिरत. बाईचे हात टेबलावर एकावर एक ठेवलेले असत आणि दुसरा कोणी खोटं बोलला की वरचा हात खाली जाई. हे एकदा विजूताईंनी दाखवलं आणि मग आम्हाला दुसरं काही दिसेना. मग आवाज सुरू करायच्या. कोणी प्रश्नाला बगल दिली की इथल्या अरबीत "मुद्दा मफी", मुद्दाच नाही, म्हणायच्या, आणि दुसऱ्यांदा दिली की "खलास".

त्यांची मतं ठाम होती आणि सगळी स्वतःच्या हाताखालून गेलेल्या कागदांतून आलेली. आरोग्याचा विषय निघाला की त्या तव्याखालचा गॅस बंद करत. "त्या देशात माणूस दुखणं सांगायच्या आधी विम्याचं कार्ड काढतो. मी बघितलंय. छातीवर एक हात, दुसरा हात पाकिटात." कीर्तनकार सगळ्यांना फुकट उपचार देईन म्हणाला, तेव्हा आम्हाला वाटलं, विजूताई खूश होणार. त्या म्हणाल्या, "कुठून देणार ते विचारलं तर हा अभंग म्हणतो." बाहेरून येणाऱ्यांना रोखायला हवं, असं कारखानदार म्हणाला, त्यावर, "मी आत आले, पंखा लावून बसले, आता मागून दाराला कडी घालू?" आणि युद्धाची भाषा कोणी केली की त्यांची एकच परीक्षा होती. "याला नकाशात बहरीन दाखवता येतं का, विचारा. आमच्या गच्चीवरून यांच्या आरमाराच्या बोटी दिसतात."

रफीकभाई कारण नसताना कीर्तनकाराचे भक्त होते. "गरिबाचं बोलतो, विजूताई."

"गोदामातल्या माणसांचा ओव्हरटाइम तुम्ही वेळेवर देता?"

"देतो की."

"बोलून दाखवता?"

"नाय."

"मग. देणारा बोलत नाही."

आता कोणालाही वाटेल की विजूताईंचं मत बाईला. आम्हालाही तेच वाटायचं. पण त्यांचं ठरलं होतं जावईबापूंचं. त्याला कारण होतं त्यांचा मुलगा, अनिकेत. तो बॉस्टनजवळ एक छोटी बेकरी चालवतो. लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिन. नोकरी नाही, त्यामुळे विमा स्वतःचा स्वतः घेतलेला. सरकारने केलेल्या एका कायद्यामुळे तो त्याला परवडत होता. समोरचा पक्ष तो कायदा मोडू म्हणत होता. म्हणजे विजूताईंच्या दृष्टीने ही निवडणूक अनिकेतच्या फ्रिजमधल्या बाटल्यांची होती. "मला जिंकणारा माणूस हवाय," त्या म्हणायच्या. "आवडणारा नंतर बघू." जावईबापू जिंकतील, असं तिकडच्या सगळ्या तज्ज्ञांचं म्हणणं. अनिकेतही फोनवर तेच म्हणे, "आई, जस्ट पिक द वन हू कॅन विन." हे बोलताना विजूताईंचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा, पण त्या घ्यायच्या.

त्या हिवाळ्यात माझे वडील, आप्पा, आमच्याकडे आले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे, कमी बोलणारे. शुक्रवारी त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून वर घेऊन गेलो, आणि नेमका त्याच दिवशी विजूताईंनी बेत केला होता. अमेरिकेत काही ठिकाणी पेटीत मत टाकत नाहीत. शेजारीपाजारी एका खोलीत जमतात आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभे राहतात. ज्याच्या कोपऱ्यात अगदीच थोडी माणसं, तो बाद. त्याच्या माणसांनी दुसरा कोपरा धरायचा, आणि बाकीच्यांनी त्यांना आपल्याकडे ओढायचं. "आज आपण तसं करू," विजूताई म्हणाल्या. "तोंडाने सगळेच शूर असतात. उभं राहून दाखवा." चारी कोपऱ्यांत नावं चिकटवलेली होती.

विजूताईंनी यल्ला, चला, म्हटल्यावर मंडळी पांगली. रफीकभाई छाती काढून कीर्तनकाराकडे. मंजिरी आणि शेजारच्या जोशीवहिनी बाईकडे. मी आणि जोशी जावईबापूंकडे, कारण एसीचा झोत तिथे येत होता, आणि दिवस हिवाळ्याचे असले तरी स्वयंपाकघरातून वाफ येत होती. कारखानदाराचा कोपरा रिकामा राहील, अशी सगळ्यांची खात्री होती. पण खोलीतली एकुलती एक हात असलेली खुर्ची त्याच कोपऱ्यात होती, आणि आप्पा तिच्यावर जाऊन बसले होते.

विजूताई नियमाच्या पक्क्या. "कीर्तनकार, एक माणूस, पण उभा. कारखानदार, एक माणूस, तेही बसून. हा कोपरा बाद. आप्पा, तुम्हाला दुसरीकडे जायचंय. घ्या, ओढा त्यांना."

कोणी हललं नाही. नुकत्याच टेकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऊठ म्हणणार कोण? आप्पा आपले हसून सगळ्यांकडे बघत होते. त्यांना वाटलं, खेळ सुरू व्हायचाय. मंजिरी म्हणाली, "आप्पा एकटेच आहेत, मी बसते त्यांच्याजवळ." सासरा एकटा बसलाय म्हटल्यावर तिचा पाय ठरेना. ती गेली म्हणून जोशीवहिनी गेल्या. बाईचा कोपरा बसला. रफीकभाई म्हणाले, "बुजुर्ग मानसासमोर आपन छाती काढून उभं ऱ्हायचं, बरं दिसत नाय," आणि चहाचा कप घेऊन आप्पांना द्यायला गेले ते तिथेच भिंतीला टेकले. जोशी बायकोच्या मागे गेले. माझे तर वडीलच. बघता बघता आम्ही सगळे त्या कोपऱ्यात, आणि ज्याला आमच्यापैकी एकानेही पानात तूपसुद्धा वाढलं नसतं तो कारखानदार एकमताने विजयी.

विजूताई हसल्या. इतक्या की खाली बसल्या. "अरे, असं कुठे असतं का," म्हणत डोळे पुसत राहिल्या. आप्पांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते ओशाळले. "मी खुर्ची बघून बसलो हो. हा कारखानदार कोण?"

मग घावणे आले. खाताना आप्पांनी सहज विचारलं, "विजयाबाई, तुम्ही कुठल्या कोपऱ्यात होतात?"

"मी निवडणूक अधिकारी."

"पण खरं मत तर तुमचंच. ते कोणाला?"

"जावईबापूंना. निवडून येतील."

"ते येतील. पटतं कोण तुम्हाला?"

"पटते बाई," विजूताई म्हणाल्या. "निर्विवाद. माझी काही हरकत नाही. पण तिकडे आतल्या गावांत माणसं वेगळी असतात, आप्पा. त्यांना बाई चालायची नाही."

"अस्सं," आप्पा म्हणाले. "म्हणजे आपल्याला चालेल, पण लोक काय म्हणतील."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी फक्त ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगून खात्री करून घेतली. पोस्टात तार घेताना लागलेली सवय. पण विजूताईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. विषय बदलायला रफीकभाईंनी खोबऱ्याच्या चटणीची तारीफ केली, आणि विजूताई "हो" म्हणाल्या.

का ते मंजिरीने मला खाली आल्यावर सांगितलं. विजूताईंचं पहिलं लग्न चिपळुणातच झालेलं. नवरा मारायचा. त्या माहेरी निघून आल्या, तेव्हा घरातलं कोणीच वाईट बोललं नाही. आईने पोटाशी धरलं, काका म्हणाले, आमची काही हरकत नाही, आम्हाला तू जड नाहीस. पण लोक काय म्हणतील, त्याचा विचार कर. प्रत्येक जण स्वतः चांगला होता आणि प्रत्येकाने तेवढंच म्हटलं. ते वाक्य परत ऐकावं लागू नये म्हणून ती मुलगी आधी मुंबईला आणि तिथून समुद्रापलीकडे गेली. आणि आता इतक्या वर्षांनी तेच वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं, तेही दुसऱ्या एका बाईबद्दल. मला विजूताईंची त्या दिवशी फार माया वाटली. एवढ्या कर्तबगार माणसाची माया वाटायला कारण लागतं, ते मिळालं.

पुढचे दोन शुक्रवार त्यांनी कोणाला बोलावलं नाही. मतपत्रिका आली होती, एवढं मंजिरीकडून कळलं. एका बाजूला अनिकेतच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला ते वाक्य. यात कोणी सल्ला देऊ शकत नव्हतं, आणि आम्ही बोललो तर भलतंच घडतं हे त्या खोलीत सिद्ध झालेलंच होतं.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "सुहास, ऑफिसला जाताना मला पोस्टात सोड." त्यांच्या राज्यात ईमेलनेही मत पाठवता येतं, पण त्यांचा विश्वास कागदावर. मी खाली गाडीत वाट बघत होतो आणि फोन चाळत होतो, तेव्हा बातमी दिसली. बाईंनी माघार घेतली होती. पुरेसा पाठिंबा नाही, सगळ्यांचे आभार, वगैरे.

विजूताई आल्या. मांडीवर पाकीट, चिकटवून बंद केलेलं. त्यांना बातम्या सांगायच्या नाहीत, हा दंडक मला पाठ होता. पण हे सांगायला नको? हूऱ्यातून निघालो, एक सिग्नल गेला, दुसरा गेला. शेवटी म्हटलं, "विजूताई, एक बातमी आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "अनिकेतचा फोन येऊन गेला."

पाकिटात कोणाचं नाव आहे, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं, बाईचं. "आधी त्यालाच फोन केला होता मी, खूण करण्याच्या आधी. म्हटलं, तुझ्या इन्सुलिनचा प्रश्न आहे, तू सांग. तर म्हणाला, 'आई, नोव्हेंबरमध्ये जो असेल त्याला देच. बट धिस वन इज युअर्स.'" मग म्हणाल्या, "गुणी आहे पोरगा. मराठीत बोलत नाही, एवढंच."

"अजून वेळ आहे," मी म्हटलं. "मत बदलता येत असेल. ईमेलने जावईबापूंना..."

"तुला पार्किंग मिळतंय, ते बघ."

पोस्टासमोर खरंच जागा मिळाली. मनामात सकाळी पार्किंग मिळणं म्हणजे त्या दिवसाचं नशीब तिथेच खर्च होतं. मीही बरोबर आत गेलो. खिडकीवरच्या मुलीने पत्ता वाचला, पाकीट वजनावर ठेवलं आणि विचारलं, साधं की एक्सप्रेस?

"एक्सप्रेस," विजूताई म्हणाल्या.

मी हळूच म्हटलं, "आता एक्सप्रेस कशाला? ती तर शर्यतीतच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिफ्टचं दार अडवून पाहिलं होतं, त्यापेक्षा पुष्कळच प्रेमाने. "उशिरा पोचलेलं मत मोजत नाहीत, सुहास," त्या म्हणाल्या. "आणि मला ते मोजून हवंय."

मुलीने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. ते नीट पडलं की नाही, हे विजूताईंनी टाचा उंचावून बघितलं. नंतर मी आप्पांना पोचवायला रजेवर पुण्याला गेलो, आणि परत येईपर्यंत विजूताईंचं कंत्राट संपून त्या अनिकेतकडे निघून गेल्या होत्या. त्यामुळे मला दिसतात त्या अशाच, खिडकीच्या कट्ट्याला दोन्ही हातांनी धरून, चवड्यांवर उभ्या राहिलेल्या.